ध्वनिमुद्रणातील पंख्याचा घूंकार व त्याच्या उगमाचा शोध

'कापड' या शब्दाचा स्पेक्ट्रोग्राम काढला असता प-काराच्या अवरोधकाळात तळाशी एक बारीक काळी पट्टी आढळते, असे समजू. अघोष स्पर्शाच्या अवरोधात कंठातून ध्वनी निघत नाही. तळाची पट्टी हे तर घोषत्वाचे सर्वमान्य लक्षण होय. मग हा वक्ता 'काबड' म्हणाला काय? अशा वेळी प्रथम शब्दापूर्वीच्या व शब्दानंतरच्या नीरव भागाकडे पाहावे. तीच पट्टी तेथेही अखंड चालू असेल, तर ती वक्त्याच्या कंठातली नसून बहुधा शेजारी ठेवलेल्या संगणकातली आहे.

पंख्याच्या आवाजात वाऱ्याचा सर्वसाधारण सळसळाट असतो. परंतु त्यातच एक निश्चित स्वरही दडलेला असतो. पाते एखाद्या आडव्या दांड्याजवळून वा जाळीजवळून जाताना हवेस धक्का बसतो. म्हणून सेकंदातील फेरे गुणिले पात्यांची संख्या, ही त्या स्वराची कंपनसंख्या होय. मिनिटास १२०० फेरे घेणारा ७ पात्यांचा पंखा सेकंदास १४० कंपनांचा स्वर देतो. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्याही बहुधा याच परिसरात असते, आणि सारा घोटाळा येथेच होतो. मराठीतील घ, ध, भ यांच्या पुढील स्वरात जो श्वासमिश्रित घोष असतो, तो मोजताना पहिला उपस्वर दुसऱ्याहून किती प्रबळ आहे हे पाहतात. पंख्याचा स्वर नेमका पहिल्या उपस्वरावर पडला, तर साधा ब-कारही भ-कारासारखा भासू शकेल!

उगम शोधण्यासाठी कोणीही न बोलता, नेहमीच्याच मांडणीत, अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करावे. त्याच्या पृथक्करणासाठी कालखंड दीर्घ घ्यावा. स्वरांच्या अभ्यासात रूढ असलेला ०.००५ सेकंदाचा खंड येथे निरुपयोगी आहे. सुमारे १ सेकंदाचा खंड घेतला म्हणजे १४० व १५० कंपनांच्या रेषा सहज वेगळ्या दिसतात. हा भेद महत्त्वाचा, कारण भारतातील विद्युत्प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्याने ५०, १००, १५० या रेषा तारांतून आलेल्या असण्याचा संभव असतो. अचूक १२० ची रेषा दिसली, तर मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा संशय घ्यावा.

यानंतर संगणकास एखादे जड गणित करावयास लावावे. विजेची व हार्ड डिस्कची रेषा जागची हलत नाही. प्रोसेसरवरील पंख्याची रेषा मात्र वर सरकते. मदरबोर्डास जोडलेल्या पंख्यांचे फेरे बायोसमध्ये वाचता येतात. त्यांना पात्यांच्या संख्येने गुणून रेषांशी ताडून पाहावे. वीजपुरवठ्याच्या पेटीतील पंख्याचे फेरे बहुधा तेथे नोंदले जात नाहीत, म्हणून इतर सर्व वगळूनच त्याच्यापर्यंत पोचावे लागते. ती पेटी मात्र उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरांत धोकादायक विद्युत्भार राहू शकतो. कधी कधी पंखा निर्दोष असून त्याच्या कंपनाने पेटीचा पत्राच वाजत असतो. तळव्याने पत्रा दाबताच आवाज बदलला, तर दोष ढिल्या स्क्रूचा.

उपाय त्यामानाने सोपे आहेत. धूळ झाडावी, बेअरिंग झिजले असल्यास पंखा बदलावा. वेग निम्म्यावर आणल्यास आवाज ढोबळ मानाने १५ डेसिबेलने उतरतो, अर्थात प्रोसेसर तापणार नाही इतपतच. मायक्रोफोन व संगणक एकाच टेबलावर ठेवू नयेत, हे सांगण्याची वास्तविक गरज नसावी; तथापि लाकडातून येणारे कंपन अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मुद्रणानंतर १५० कंपनांखालील सर्व भाग गाळून टाकण्याची युक्ती मोहक खरी, पण तीत पुरुषाचा मूळ स्वर व घोष स्पर्शांची पट्टी हीही गाळली जातात. जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत त्यापेक्षा अवरोधकाळातील पट्टीची तीव्रता शब्दापूर्वीच्या नीरवतेतील तीव्रतेशी ताडून पाहावी. दोन्ही सारख्या असतील, तर त्या पट्टीच्या आधारे तो वर्ण घोष ठरविता येणार नाही.