फटफटीचें इंजिन पुन्हां बांधतांना पिस्टन कसा निवडावा

बिडाच्या सिलिंडराची जुनी ३५० ची बुलेट आपल्यापैकीं अनेकांनीं वडिलांच्या मागें जपून ठेविली आहे. ह्या गाडीची जुळणी मद्रासेंत १९५५ सालीं सुरू झाली. तें बिडाचें इंजिन आतां कारखान्यांतून निघत नाहीं, म्हणून जें आहे तेंच नीट बांधून घेणें भाग आहे. सायलेन्सरांतून निळा धूर निघूं लागला, तेल लवकर सरूं लागलें आणि किक मारतांना पायास पूर्वीसारखा दाब लागेनासा झाला, म्हणजे पिस्टन व सिलिंडर झिजले असें बहुधा समजावें.

हें इंजिन एकाच सिलिंडराचें. व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धांव ९० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३४६ घनसेंटिमीटर पोकळी. सिलिंडर बिडाचा, तर पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापलें असतां बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतें. म्हणून थंड असतांना दोहोंमध्यें अगदीं बेताची मोकळीक ठेवावी लागते. ती कमी पडली तर पिस्टन तापून धरतो. अधिक झाली तर खडखडतो आणि तेल वर चढूं देतो. सारा प्रश्न ह्या हजारांश इंचांचा आहे.

सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाहीं. वरची रिंग जेथवर पोहोंचते तेथें, आणि पुढील व मागील अंगास, झीज अधिक होते. हेड काढून आंतून वरच्या कडेकडे नख फिरविलें असतां पायरी लागते. असल्या सिलिंडरांत नुसता नवा पिस्टन बसविला तर नवी रिंग त्या पायरीवर आदळून तुटण्याचें भय असतें, आणि धूर तर थांबतच नाहीं. तेव्हां तीन उंचींवर, दोन्ही दिशांनीं मोजून, सिलिंडर बोर करून घ्यावा. पिस्टनांवर २०, ४०, ६० असे आंकडे असतात. ते मूळ मापाहून किती हजारांश इंच मोठा तें दाखवितात. ज्या लहानांत लहान मापांत झीज पूर्ण निघते तेंच घ्यावें, कारण ६० च्या पुढें नवी स्लीव्ह ठोकण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. पिस्टन आधीं विकत घ्यावा आणि तो हातीं देऊन मगच सिलिंडर बोर करवावा. मीं सेवानिवृत्त झाल्यावर ह्याच्या उलट केलें. तालुक्याच्या एका मिस्त्रीनें आधीं ‘वीस नंबरास’ बोर केलें. पिस्टन मागाहून बाजारांतून आणला. आंकडा २० च होता. तीन कोसांवर पिस्टननें धरलें, मागचें चाक जागीं थांबलें आणि माझा मुलगा रस्त्यावर पडला. मागून उसाची ट्रॉली येत होती. ती वेळींच थांबली म्हणून तो वांचला. सातबाऱ्यावर लिहिलेले गुंठे बांधाच्या आंत तितकेच भरतील असें नाहीं, हें मी उभ्या नोकरींत पाहत आलों; तरी पिस्टनवरच्या आंकड्यावर मात्र विसंबलों! रस्त्यांत इंजिनाचा जोर एकाएकीं ओसरून तें धरूं लागलें तर क्षणाचाहि विलंब न करतां क्लच दाबावा.

पिस्टन वरच्या बाजूस मुद्दाम किंचित् लहान व अंडाकृति केलेला असतो. म्हणून त्याचें माप खालच्या घेराशीं, पिनेच्या काटकोनांत घ्यावें. त्या मापांत डब्यांतील कागदावर दिलेली मोकळीक मिळवून येईल तें माप बोरिंगवाल्यास सांगावें. नवा पिस्टन जुन्याबरोबर तराजूंत तोलून पाहावा. क्रँकवरील तोलाचें वजन ठरलेलें असतें. पिस्टन जड आला तर गाडी हादरते. पिनेपासून माथ्यापर्यंतची उंचीहि ताडून पाहावी.

हा खर्च करण्यापूर्वीं कनेक्टिंग रॉड वर-खालीं हलवून पाहावा. तेथें ढिलेपणा असेल तर क्रँकचें काम आधीं करावें, नाहींतर नव्या पिस्टनचे पैसे पाण्यांत गेले.

बोर होऊन आलेला सिलिंडर गरम पाणी व साबण यांनीं धुवावा. पांढरी चिंधी फिरवून ती पांढरीच निघेपर्यंत धुवावा आणि लगेच तेल लावावें. रिंग एकटी सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या तोंडांतील फट मोजावी. दर इंच व्यासास चार हजारांश, म्हणजे ह्या इंजिनास सुमारें अकरा हजारांश इंच फट निदान असावी. रिंगांचीं तोंडें एकाखालीं एक येऊं देऊं नयेत. पिन हातोडीनें ठोकूं नये, रॉड वांकतो. पिस्टन गरम पाण्यांत तापविला कीं ती सहज सरकते. तिचीं लॉकें नेहमीं नवींच घालावींत.

पहिले आठशें किलोमीटर गाडी बेतानें हांकावी, घाट टाळावा, आणि मधेंच एकदां तेल बदलावें. दुधाचे कॅन तोंवर सायकलीवर पाठवावेत.