खुडूक कोंबडीमागचे रसायन

अंडी घालणे थांबवून घरट्यावर ठाण मांडणाऱ्या आणि जवळ जाताच पिसे फुलवून चोच मारणाऱ्या कोंबडीला खेड्यात ‘खुडूक’ म्हणतात. तिला वठणीवर आणण्यासाठी पाण्यात बुचकळून काढण्याचा उपायही जुनाच. तिचा हा हट्ट मात्र संप्रेरकांचा, म्हणजेच हार्मोन्सचा आहे.

या साखळीची सुरुवात प्रकाशापासून होते. दिवस मोठा होऊ लागला की कवटीतून झिरपणारा उजेड पक्ष्याच्या मेंदूला थेट जाणवतो. मेंदूच्या इशाऱ्यावर अंडाशय (कोंबडीत एकटे डावेच) जागे होते आणि इस्ट्रोजेन स्रवू लागते. त्यामुळे अंडवाहिनी कित्येक पटींनी वाढते, यकृत बलकाची प्रथिने बनवू लागते. सर्वांत नवलाचा बदल हाडांच्या पोकळीत घडतो. तेथे नवे, ठिसूळ हाड तयार होते. ते भार पेलण्यासाठी नव्हे, तर कॅल्शियम साठवण्यासाठी असते. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते आणि संपूर्ण सांगाड्यात ते जेमतेम २० ग्रॅम असते! कवच बहुतांशी रात्री, पोटात दाणा नसताना घडते. तेव्हा ही तिजोरी उघडली जाते. (अशाच हाडाच्या खुणा टायरॅनोसॉरसच्या जीवाश्मात आढळल्याचे अमेरिकी संशोधिका मेरी श्वाइट्झर यांनी २००५ मध्ये जाहीर केले होते.)

घरट्यात अंडी साठली की त्यांच्या स्पर्शाने प्रोलॅक्टिन वाढते. अंडाशय आक्रसते, पोटावरची पिसे गळतात, तेथील रक्तवाहिन्या फुगतात आणि उघड्या त्वचेची ऊब अंड्यांना मिळते. हीच खुडूक अवस्था. घरटे व अंडी दूर केली की प्रोलॅक्टिन उतरते. तेव्हा पाण्यापेक्षा ही ताटातूटच अधिक गुणकारी म्हणायची.

व्यावसायिक लेगहॉर्न कोंबडीतून हा गुण निवड पद्धतीने जवळजवळ नाहीसा करण्यात आला. शेडमध्ये दिवे लावून १६ तासांचा ‘दिवस’ केला जातो आणि ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. याची किंमत हाडे मोजतात. इस्ट्रोजेन चढे असेपर्यंत भार पेलणारे हाड नव्याने बनत नाही, त्याची झीज मात्र सुरू राहते. गावरान कोंबडी खुडूक बसते तेव्हा इस्ट्रोजेन उतरते आणि तिच्या सांगाड्याची डागडुजी होते. लेगहॉर्नला ती सवड नसल्याने छातीचे हाड मोडण्याचे प्रकार सर्रास घडतात. खाद्यात शिंपल्यांचे जाडसर तुकडे मिसळतात, ते यासाठीच. ते रात्रभर पोटात हळूहळू विरघळतात आणि हाडांवरचा ताण काहीसा कमी होतो.