‘जोगवा’ चित्रपटातील शृंगार व लिंगविचार

राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. यल्लम्मादेवीस वाहिलेल्या दोघांची ही प्रेमकथा. सुली जोगतीण, तायाप्पा जोगत्या. देवीचा म्हणून त्यास लुगडे नेसविले जाते आणि पुरुष म्हणून जगण्याचा त्याचा अधिकार संपतो. सुलीस विवाह वर्ज्य. तिचा उपभोग मात्र वर्ज्य नाही.

‘जोगत्या’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. वेष स्त्रीचा असूनही नामाने पुल्लिंग सोडलेले नाही. मराठीत ‘मी आलो’, ‘मी आले’ एवढ्यावरूनही बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. (कोल्हापूरकडील स्त्रिया मात्र सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, हे यवतमाळच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावे, त्याने त्यांच्या स्त्रीत्वास बाध येत नाही.) तेव्हा व्याकरणातील लिंग, अंगावरील वेष आणि माणसाची स्वतःविषयीची जाणीव या तीन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत.

चित्रपटातील शृंगार हा भेद प्रत्ययास आणतो. परस्परांच्या ओढीने तायाप्पास आपले पौरुष आणि सुलीस आपला देह पुन्हा गवसतो. उपेंद्र लिमये यांस या भूमिकेसाठी लाभलेला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार सार्थच होय. तथापि एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. तायाप्पास लुगडे ही बेडी वाटते, म्हणून त्याची सुटका ते टाकण्यात दिसते. ज्या जोगत्यास तेच लुगडे मनापासून आपले वाटते, त्याचे प्रेम कथेच्या केंद्रस्थानी येत नाही.