सातपुड्यातल्या जाळरेषा आणि मोडलेल्या वाटा

खान्देशात डोंगर चढण्याची रीत गडकिल्ल्यांवरून आलेली नाही. धुळ्याशेजारी लळिंग आहे, साक्री तालुक्यात भामेर आहे, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या माथ्यावर कन्हेरगड आहे; पण तापीच्या उत्तरेला सातपुड्यात माणूस वर गेला तो जंगलाच्या कामाने किंवा नवस फेडायला. म्हणून इथल्या वाटाही वेगळ्या. पाड्यांना जोडणाऱ्या, यात्रेच्या, आणि तिसऱ्या वनखात्याच्या जाळरेषा. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला साफ करून, जाळून मोकळा ठेवलेला पट्टा. तो बहुतेकदा धारेवरून किंवा हद्दीवरून जातो, त्यामुळे माथ्यावर पोहोचण्याचा सर्वांत सरळ मार्गही तोच. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहणाने सह्याद्रीतली एकेक घळ नकाशावर आणली. सातपुड्याच्या या वाटांची मात्र गिर्यारोहणाच्या साहित्यात क्वचितच कोणी दखल घेतली, आणि हा अन्याय अजून भरून निघालेला नाही.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1825 मध्ये इंग्रजांनी जेम्स औट्रमकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम दिले. तिचे ठाणे धरणगावला होते. पुढे 1878 आणि 1927 च्या वन कायद्यांनी डोंगर राखीव झाले. बंगले, हद्दीचे बुरूज आणि जाळरेषा ही त्या कारभाराची देणगी. 1969 मध्ये यावल अभयारण्य जाहीर झाले, सुमारे 178 चौरस किलोमीटरचे. पाल, लंगडा आंबा, जामन्या ही नावे जळगावकरांना ओळखीची झाली ती त्यानंतर.

राखणीचे काम समजून घेतल्याशिवाय या वाटांची किंमत कळत नाही. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा जाळून तयार हव्यात. मग हंगामापुरते रोजंदारीवर अंगारी नेमले जात, बहुतेक जवळच्याच पाड्यांवरचे पावरा, भिल्ल, तडवी. कुऱ्हाड, पाणी आणि मक्याची किंवा ज्वारीची भाकर घेऊन ते उंच टेकाडावरच्या मचाणावर किंवा मनोऱ्यावर बसत. धूर दिसला की तो कोणत्या नाल्याचा, कोणत्या धारेचा, हे नजरेने ओळखायचे. पाश्चात्त्य मनोऱ्यांवर दोन ठिकाणांहून दिशा घेऊन रेषा छेदतात. इथे ते काम आयुष्यभराच्या पायपिटीने होई.

आग विझवायची तऱ्हाही वाटेवरच अवलंबून. दिवसा वारा उताराने वर चढतो आणि आग त्याच्याबरोबर धावते, म्हणून तिच्या माथ्याकडून समोर जाणे म्हणजे जिवावरचा खेळ. कडेने शिरायचे, ओल्या डहाळ्यांनी झोडपत दोन्ही बाजू आवळायच्या आणि वरच्या जाळरेषेवरून उलटी आग सोडायची. सालई आणि अंजनाच्या रानात खाली रोशा गवत माजलेले असले, तर घाई अधिक. खान्देशात ज्याचे तेल काढत तेच हे सुगंधी गवत. ते पेटले की आगीआधी त्याचा वास खाली पोहोचतो. बहुतेक आगी माणसाच्याच हातच्या. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही पेटवतात. अंगारी त्याच पाड्यांवरचा असल्याने आग कोण लावतो हे त्याला माहीत असे, आणि पुष्कळदा ती लागण्याआधीच थांबे.

1990 ते 2000 हे दशक या सगळ्याला कलाटणी देणारे ठरले. तेव्हा धुळे जिल्हा नर्मदेपर्यंत होता. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांना पायवाटेशिवाय दुसरा रस्ता नव्हता. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावे बुडीत ठरली. मणिबेलीपासून पाणी चढू लागले आणि गावांबरोबर काठच्या वाटाही गेल्या. विस्थापितांसाठी तळोद्याजवळचे जंगल मोकळे करण्यात आले. एका जंगलाच्या नुकसानीची भरपाई दुसऱ्या जंगलाने, असा तो हिशेब होता आणि तो तेव्हाही चुकीचा होता. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच. पण तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई आणि अस्तंभा एका दिवसात धुळ्याच्या नकाशाबाहेर गेले आणि धुळेकरांचा सातपुडा शिरपूरच्या पट्ट्यापुरता उरला.

याच दशकात उलट दिशेनेही काही घडले. 1992 मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उघडा पडलेला डोंगर राखायला घेतला होता. कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, राखण गावाकडे ठेवली. सुमारे 1100 एकर जंगल पुन्हा उभे राहिले. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा भाषणे पुष्कळ झाली, पण त्या राखणीचा गाभा रोज डोंगर पायाखाली घालण्यात आहे, याकडे लक्ष कमीच गेले.

2004 पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून वणव्याच्या सूचना देऊ लागली. आधी एक किलोमीटरच्या चौकोनाइतकी नेमकी असणारी नोंद 2017 पासून 375 मीटरवर आली. हे मोठेच काम आहे. पण उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो, आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांश येतात तेव्हा चढायचे त्यालाच असते. जाळरेषेवर घाणेरी माजली असेल, तर हातातला वेळ झुडपे तोडण्यात जातो. सूचना आली म्हणून मचाणाचे महत्त्व संपले असे धरून चालणे ही या काळातली सर्वांत महाग चूक आहे. अमेरिकेत 1910 च्या आयडाहो-माँटानातल्या महावणव्यानंतर शिखराशिखरावर मनोरे उभे राहिले. विमाने आल्यावर ते निकामी झाले, तेव्हा पदभ्रमण करणाऱ्यांनी कित्येक मनोरे दुरुस्त करून वाटांसह जपले. खान्देशात मनोरा खात्याचा, वाट खात्याची आणि अंगारी हंगामी. त्यामुळे त्यांच्यासाठी भांडायला कोणी उरले नाही.

तोरणमाळला आज घाटरस्त्याने गाडी थेट वर जाते. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी चढणाऱ्या जुन्या वाटांवर पूर्वीची वर्दळ नाही. सुमारे 1325 मीटर उंचीचा अस्तंभा मात्र अजून पायीच गाठावा लागतो. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन याच रानात तेल मागत फिरतो अशी श्रद्धा, आणि दिवाळीच्या सुमारास तळोद्याकडून निघालेले यात्रेकरू त्याच्या दर्शनाला रात्रभर चालतात. ही वाट कोणत्याही खात्याच्या निधीशिवाय टिकली आहे. यावलच्या आणि शिरपूरच्या जाळरेषांचे तसे नाही. त्या दरवर्षी हंगामाआधी साफ करून घेणे, त्यांवर परवान्याने आणि पाड्यावरच्याच वाटाड्याला सोबत घेऊन चालू देणे, आणि अंगाऱ्याला चार महिन्यांऐवजी बारा महिन्यांचे काम देणे, एवढे वनखात्याने केले तरी उपग्रहाची सूचना पोहोचेल तिथे माणूसही वेळेवर पोहोचेल.