देव्हाऱ्यातला पितळी देव नेमका कोणता? मोडीत घालण्याआधी हात, वाहन अन् पाठ बघा

नांदेड/लातूर : भावाभावांची वाटणी निघाली की शेत, घराचे खण, विहिरीचं पाणी, सगळ्याचा हिशोब होतो. शेवटी उरतो देव्हारा. ताम्हनात पितळेचे अन् चांदीचे दहा-बारा देव मांडले जातात आणि मग लक्षात येतं, की यातले निम्मे कोणते हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. आजी होती तोवर तिला सगळं तोंडपाठ होतं. तिला कुणी विचारून ठेवलं नाही.

ओळख न लागलेले देव मग फडक्यात बांधून माळ्यावर जातात, नाहीतर भांड्यांच्या दुकानात मोडीत. दुकानदार वजन करतो, तूट धरतो अन् बदल्यात चकचकीत नवी मूर्ती देतो. पुढं पोराचं लग्न जुळवताना समोरचे विचारतात, तुमचं कुलदैवत कोणतं? तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ज्या टाकावर त्याचं उत्तर होतं, तो कधीच वितळलेला असतो.

म्हणून मोडीत घालण्याआधी देव ओळखायला शिकलेलं बरं. ते वाटतं तेवढं अवघड नाही.

चेहरा नको, हात बघा

घरातल्या मूर्ती लहानच असतात. मत्स्यपुराणात घरच्या मूर्तीचं माप अंगठ्याच्या पेरापासून वीतभर एवढंच सांगितलं आहे. एवढ्याशा पितळेत चेहऱ्यावरून देव वेगळा दाखवणं कठीण, त्यात रोजच्या स्नानानं नाक-डोळे झिजलेले. त्यामुळं घडवणाऱ्यांनी ओळखीच्या खुणा दुसरीकडं ठेवल्या आहेत. देवाच्या हातात काय आहे, तो कशावर बसला आहे, पायाखाली कोण आहे आणि सोबत कोण आहे, एवढं बघितलं की बहुतेक देव ओळखू येतात. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरातल्या किंवा देगलूर तालुक्यात होट्टलच्या जुन्या मंदिरातल्या दगडी मूर्तीही याच खुणांवरून ओळखल्या जातात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. उजवा-डावा हात म्हणायचा तो देवाचा, आपला नाही. मूर्ती समोर ठेवली की देवाचा उजवा हात आपल्या डावीकडं येतो. इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते.

आधी दोन प्रकार वेगळे करून घ्या. चारी बाजूंनी घडवलेली, ओतीव, ती मूर्ती. आणि पातळ पत्र्यावर ठसा उठवलेला तो टाक. टाक बहुधा चांदीचा असतो, काही तांब्या-पितळेचेही असतात. कुळाचे देव बहुतेक टाकांच्याच रूपात असतात. म्हणजे वजनाला सगळ्यात हलका आणि दिसायला सगळ्यात साधा तुकडाच घराच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा असू शकतो. मोडीत पहिल्यांदा जातो तोही तोच.

घोड्यावरचा प्रत्येक देव खंडोबा नसतो

लोहा तालुक्यातल्या माळेगावची यात्रा या भागात कुणाला सांगायला नको. मार्गशीर्षात भरणाऱ्या या यात्रेचा देव खंडोबा, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांचा तो कुलस्वामी आहे. त्याच्या टाकावर घोडा असतो. घोड्यावर देव अन् बरोबर म्हाळसा, हातात खड्ग, जवळ कुत्रा, घोड्याच्या पायाशी दैत्य. मणी अन् मल्ल या दैत्यांना मारलं म्हणून तो मल्हारी. उभ्या किंवा बसलेल्या मूर्तीला चार हात असतात. त्यात खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि भंडाऱ्याचं पात्र असतं. डमरू-त्रिशूळ दिसले की हा शंकराचा अवतार मानतात हे लगेच पटतं.

पण घोड्यावर एकटाच माणूस असेल, हातात तलवार किंवा भाला असेल अन् म्हाळसा नसेल, तर घाई करू नका. तो वीराचा टाक असू शकतो. घराण्यातला कुणी पूर्वज लढाईत किंवा अकाली गेला, तर त्याच्या नावानं टाक करून देव्हाऱ्यात बसवायची जुनी चाल आहे. म्हणजे तो पुराणातला देव नाही, तुमच्याच घरातला माणूस आहे. होळी-धुळवडीच्या सुमारास काही गावांत वीर नाचवतात, ते अशाच पूर्वजांच्या नावानं. असा टाक एकदा मोडीत गेला की तशाच दुसऱ्या टाकानं त्याची जागा भरत नाही, कारण त्या पूर्वजाची आठवण दुसऱ्या कुठल्याही गावात, कुठल्याही देवळात नसते.

माहूरची की तुळजापूरची?

देवीच्या टाकांत सगळ्यात जास्त घोळ होतो. सगळ्यांना सरसकट ‘भवानीआई’ म्हणून हात जोडले जातात. फरक मात्र स्पष्ट आहे.

तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनी आहे. आठ हात, त्यात शस्त्रं, पायाखाली महिषासुर, त्याच्या अंगात घुसलेला त्रिशूळ, जवळ सिंह. मूळ मूर्तीच्या दोन्ही अंगांना चंद्र-सूर्य आहेत, ते टाकावरही कधी दोन ठिपक्यांसारखे दिसतात. नखाएवढ्या टाकावर आठ हात नीट मोजता येत नाहीत, पंख्यासारखे पसरलेले दिसतात. तरी खाली आडवा पडलेला महिष दिसला की काम झालं.

माहूरच्या रेणुकेचं तसं नाही. गडावर देवीचा देह नाही, नुसतं भव्य मुख आहे, शेंदरी, कपाळावर मळवट. त्याला तांदळा म्हणतात. तोंडात विडा असतो, प्रसादही कुटलेल्या तांबुलाचाच. म्हणून ज्या टाकावर किंवा पितळी मुखवट्यावर फक्त मुख आहे, हातही नाहीत अन् शस्त्रंही नाहीत, ती रेणुका असण्याची शक्यता मोठी. हात नाहीत म्हणजे मूर्ती तुटलेली आहे, असं समजून ती काढून टाकू नये.

मुखवट्यांवरून आणखी एक. भाद्रपदात आपल्याकडं महालक्ष्म्या बसतात, पुण्याकडं त्यांनाच गौरी म्हणतात. ज्येष्ठा अन् कनिष्ठा या दोघींचे पितळी मुखवटे पेटीत जपलेले असतात. ते जोडीनंच असतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पण पाण्यात मुखवटे जात नाहीत, ते पुन्हा पेटीत. त्यामुळं पेटीत दोन सारखेच मुखवटे सापडले तर ‘एक जास्तीचा आहे’ म्हणून देऊन टाकू नका. वाटणीत एकाला ज्येष्ठा अन् दुसऱ्याला कनिष्ठा असंही करायचं नसतं.

पळीवाली बाई सुनेची

मांडी घालून बसलेली, मांडीवर आडवी पळी धरलेली छोटी पितळी मूर्ती म्हणजे अन्नपूर्णा. लग्नात गौरीहर पुजताना नवरी तिची पूजा करते आणि सासरी घेऊन येते. तांदळावर नाहीतर गव्हावर तिला बसवायचं. तिच्यासोबत बऱ्याचदा बाळकृष्णही येतो, एका हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगणारा. जुन्या देव्हाऱ्यात तीन-चार अन्नपूर्णा एकीशेजारी एक दिसतात, त्याचं कारण हेच. त्या घरात आलेल्या सुनांचा तो हिशोब आहे. वाटणीत अन्नपूर्णा जिनं माहेराहून आणली तिच्याकडंच जाते, असं बहुतेक घरांत मानतात, आणि ते रास्तच आहे.

विठोबा कुणालाही ओळखू येतो. कमरेवर हात, पायाखाली वीट. गणपतीबद्दलही सांगायला नको. बालाजीत मात्र विठोबाची गफलत होऊ शकते, कारण त्याचाही एक हात कमरेशी असतो. मागच्या दोन हातांत शंख-चक्र असेल आणि पुढचा उजवा हात पायांकडं दाखवत असेल तर तो तिरुपतीचा व्यंकटेश. चारही हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असेल तर विष्णू. या चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे मांडता येतात, आणि केशव, नारायण, माधव ही संध्येतली चोवीस नावं त्या चोवीस मांडण्यांची आहेत. उजवीकडच्या खालच्या हातात पद्म, वरच्यात शंख, डावीकडच्या वरच्यात चक्र, खालच्यात गदा, असं असेल तर तो केशव.

दत्ताची मूर्ती तीन मुखांची, सहा हातांची. माळ-कमंडलू ब्रह्मदेवाचे, शंख-चक्र विष्णूचे, त्रिशूळ-डमरू शंकराचे. मागं गाय म्हणजे पृथ्वी, पायाशी चार कुत्रे म्हणजे चार वेद, असा अर्थ लावतात. देव रात्री झोपायला माहूरगडावर येतात ही श्रद्धा इकडं घरोघरी आहे.

सगळ्याच घरांत सगळे देव धातूचे नसतात, हेही खरं. लातूरकडं येळवशीला कडब्याच्या कोपीत पांडव म्हणून मांडतात ते रानातले दगडच. लिंगायत घरांत इष्टलिंग प्रत्येकाच्या अंगावर असतं आणि माणसासोबतच मातीत जातं, त्याची वाटणी होत नाही.

पितळ आहे की नुसता मुलामा?

पितळ म्हणजे तांबं अन् जस्त. तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं. आज दुकानात मिळणाऱ्या पितळी मूर्ती मोठ्या प्रमाणात उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद अन् अलीगडहून येतात. तमिळनाडूत स्वामीमलईला अजून मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. तिथं एका साच्यातून एकच मूर्ती निघते. दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या मूर्तीच्या दोन्ही कडांना बारीक जोडरेषा दिसते. जोडरेष असणं वाईट नाही, पण ‘हाताने घडवलेली’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर ती रेष जरूर बघा.

‘पंचधातू’ हा शब्द तर आता कुठल्याही पिवळ्या मूर्तीला लावतात. डोळ्यांनी पंचधातू ओळखता येत नाही. त्याचा दर लावत असतील तर बिलावर तसं लिहून मागा.

पितळेची परीक्षा घरीही होते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. दुसरी परीक्षा वजनाची. मूर्ती काट्यावर तोला. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवा आणि सांडलेलं पाणी मोजा. १०० मिली पाणी सांडलं अन् मूर्ती ८५० ग्रॅमच्या आसपास भरली, तर पितळ. २७० ग्रॅमच्या आसपास भरली तर रंग दिलेलं अॅल्युमिनियम. मूर्ती आतून पोकळ अन् खालून बंद असेल तर मात्र हा हिशोब चुकतो.

घासण्याबद्दलही थोडं. चिंच-लिंबानं काळा थर विरघळतो, म्हणून पितळ उजळतं. पण आंबट लावून तासन् तास ठेवलं तर जस्त निघून जातं आणि मूर्ती तांबूस पडते. राख, विटकर अन् काथ्या तर नाक-डोळेच नेतात. टाकाला यातलं काहीच लावू नका, पत्रा कागदासारखा पातळ असतो. मऊ फडकं पुरे. दारावर ‘देव उजळून देतो’ म्हणत येणाऱ्यांच्या हातात तर काहीच देऊ नका.

खोदताना मूर्ती निघाली तर

पायाभरणीत, विहिरीत किंवा नांगराला धातूची मूर्ती लागली तर ती आपली होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गावात तलाठी किंवा पोलीस पाटलाला लगेच सांगावं आणि मूर्ती घासू नये, मातीसकट ठेवावी. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. त्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. ‘जुनी मूर्ती चांगल्या भावात घेतो’ म्हणणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगा.

मोबाईल काढा, आजीजवळ बसा

घरात अजून कुणी जाणतं माणूस असेल तर हे काम एका दुपारचं आहे. एकेक देव पांढऱ्या कापडावर ठेवून दिवसाउजेडी तीन फोटो काढा : समोरून, पाठीमागून आणि खालून. पाठीवर किंवा तळाला कधी नाव, कधी गाव कोरलेलं असतं. सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढू नका, त्यात डावं-उजवं उलटू शकतं. मग आजीला विचारा, हा कोणता, कुठून आला, कुणी आणला, याचा कुळधर्म कधी असतो. तिचं बोलणं तसंच रेकॉर्ड करा आणि फोटोंसोबत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, म्हणजे सगळ्या भावांकडं राहील.

वाटणीत मूळ देव थोरल्याकडं ठेवायचे आणि धाकट्यांनी त्याच देवांचे नवे टाक करून घ्यायचे, अशी रीत बऱ्याच घरांत आहे. नवा टाक करताना सोनाराला जुन्या टाकाचा फोटो दाखवा. नुसतं ‘देवीचा टाक’ म्हटलं तर त्याच्याकडं जो ठसा असेल तोच तो उठवून देईल, मग माहूरच्या घरात तुळजापूरची देवी यायला वेळ लागत नाही.