भोक चुकलं तरी चालेल

दिव्याच्या कारखान्यात मापं मिलिमीटरची असतात आणि छतात ती वितीची होतात. ब्रॅकेट या दोघांमधली तडजोड. गेल्या सव्वाशे वर्षांत दिवे कसे बदलले यावर बरंच लिहिलं गेलंय. दिवा छताला धरून ठेवणाऱ्या पट्टीकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दिसू नये म्हणूनच ती बनवलेली असते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

लाकडी तुळयांच्या घरांत ब्रॅकेटची गरजच नव्हती. तुळईला गोल लाकडी ब्लॉक, त्यावर सीलिंग रोज, खाली लोंबती वायर आणि होल्डर. दिवा चार बोटं सरकवायचा तर स्क्रू चार बोटं पलीकडे मारायचा. ही सोय सिमेंटच्या स्लॅबने काढून घेतली. मग वायरमन छिन्नी-हातोडीने स्लॅबला भोक पाडून त्यात लाकडाची गुट्टी बसवू लागले. गुट्टी वाळून आकसली की स्क्रू सैल, आणि एकदा बसवली की जागा कायमची ठरलेली. लंडनमध्ये जॉन रॉलिंग्ज यांनी 1911 च्या सुमारास तंतूंचा प्लग काढला तो याच अडचणीतून: ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची फारशी मोडतोड न करता विजेची उपकरणं बसवायची होती. जर्मनीत आर्टुर फिशर यांचा नायलॉनचा प्लग 1958 चा. प्लगांमुळे भोक लहान झालं, पण ते नेमकं जिथे हवं तिथेच पडेल याची हमी कुणी दिली नाही. स्लॅबमध्ये ड्रिलला सळई लागली की ड्रिल सरकतं, आणि कारखान्याचं माप तिथेच संपतं.

या प्रश्नाचं सगळ्यात नीटस उत्तर मला अमेरिकेतल्या घरांत दिसतं. तिथे विजेच्या आधी गॅसचे दिवे होते आणि छताच्या मध्यातून गॅसची नळी खाली यायची. सुरुवातीचे विजेचे दिवे त्या नळीलाच जोडले गेले. तिथल्या दिव्यांच्या दांड्यांवर अजूनही जुन्या नळकामाच्या पद्धतीतले आटे असतात. पुढे छतात लोखंडी डबा आला. त्याच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सहसा पावणेतीन किंवा साडेतीन इंच. दिवा बनवणाऱ्याला कुणाच्या घरी कुठला डबा आहे हे कळणार कसं? म्हणून आडवी पट्टी, तिला दोन्ही बाजूंना लांब खाचा. या एवढ्याशा पट्टीत तीन दुरुस्त्या भरल्या आहेत. खाचांमुळे अंतर जुळतं. डबा वाकडा बसला असेल तर मध्यावर फिरणाऱ्या पट्टीमुळे दिवा भिंतीला समांतर करता येतो. आणि मधल्या आट्यांच्या नळीमुळे उंची कमीजास्त होते, म्हणजे झाकणाची वाटी छताला बरोबर टेकते. अंतर, कोन, उंची. यातली एक जरी राहिली तरी शिडीवरचा माणूस कागदाची घडी सारून वेळ मारून नेतो.

आपल्याकडे हा मान ट्यूबच्या पट्टीकडे गेला. चार फुटी पत्र्याची पट्टी, आत चोक, आणि पाठीवर किल्लीच्या भोकासारखी खाच: रुंद भागातून स्क्रूचं डोकं आत, मग पट्टी सरकवून अरुंद भागात अडकवायची. भिंतीवर हे उत्तम, कारण पट्टीचं वजनच तिला खाचेत ओढून ठेवतं. छतावर तोच भार सरळ खाली ओढतो. स्क्रू आवळायचा राहिला आणि पट्टी उलट सरकली की ती हातात येते, किंवा डोक्यावर. ही रचना मुळात भिंतीची, छताने ती उसनी घेतली.

तरी पट्टीने एक गोष्ट निभावली. 38 मिलिमीटर जाडीची 40 वॉटची ट्यूब जाऊन 26 मिलिमीटरची 36 वॉटची आली, तेव्हा होल्डर तेच राहिले, एकही भोक बदलावं लागलं नाही. 16 मिलिमीटरच्या टी-5 ट्यूबने मात्र घोळ घातला. तिच्या पिनांमधलं अंतर 13 वरून 5 मिलिमीटरवर आलं आणि लांबीही काही सेंटीमीटरने घटली. जुनी पट्टी काढा, नवी लावा, म्हणजे नवी भोकं.

एलईडीची पट्टी आली आणि ही कटकट जवळजवळ संपली. कारण प्रकाशात नाही, वजनात आहे. लोखंडाच्या पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला चोक गेला, पट्टी हलकी झाली, आणि तिला दोन साध्या क्लिपा पुरू लागल्या. क्लिपा लांबीवर कुठेही चालतात, त्यामुळे जुन्या पट्टीच्या भोकांतच त्या बसतात. माझ्या मते घरगुती दिव्यांच्या फिटिंगमधली ही सगळ्यात कमी कौतुक झालेली सुधारणा.

फॉल्स सीलिंगने पुन्हा गणित बिघडवलं. तिथे दिव्याला स्क्रू नसतो, दोन स्प्रिंगा असतात, आणि साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डावर त्या घट्ट बसतात. पण भोकाचं माप कंपनीगणिक वेगळं. पूर्वी बल्ब जायचा आणि होल्डर राहायचा. आता बराचदा दिवा अख्खाच बदलावा लागतो, आणि त्याच मापाचा दुसरा बाजारात मिळेलच असं नाही. त्यावर तोड म्हणून सरकत्या क्लिपांचे पॅनेल निघाले: पाठीमागच्या पट्टीवर क्लिपा आत-बाहेर सरकवा, लहानमोठं कुठलंही भोक पॅनेलखाली झाकलं जातं. अमेरिकन आडव्या पट्टीचंच हे नवं रूप, फक्त स्क्रूऐवजी स्प्रिंग. दोनतीनदा काढघाल केली की बोर्डाची कड भुसभुशीत होते, हे खोक्यावर कुणी छापत नाही. शिवाय कडेपर्यंत सगळं झाकलं जातंय म्हटल्यावर पीओपीचे काही कारागीर आता भोकाला टेप लावायच्या भानगडीत पडत नाहीत.