जनुकीय आणि आनुवंशिक : स्त्रियांच्या कर्करोगातील खुणा वाचताना

गर्भाशय, गर्भाशयमुख आणि अंडाशय यांच्या कर्करोगाचे रिपोर्ट अलीकडे लांबत चालले आहेत. पूर्वी त्यांत दोनच गोष्टी असत : गाठ कोणत्या जातीची आहे आणि ती कुठवर पोचली आहे. आता त्याखाली पी-५३, पी-१६, एमएलएच-१, बीआरसीए अशी नावांची रांग लागते आणि कुठेतरी ‘जेनेटिक म्युटेशन’ हे दोन शब्द हमखास असतात. मी विकृतिशास्त्राची डॉक्टर आहे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून असे रिपोर्ट लिहिणे हे माझे काम. आमच्या बेळगाव भागात रिपोर्ट इंग्रजीत निघतो, पण त्यावरचे बोलणे घरी मराठीत किंवा कानडीत होते. ते दोन शब्द वाचून किंवा कोणाकडून वाचून घेऊन बाई विचारते, “मॅडम, म्हणजे हे आमच्या घराण्यातच आहे काय? माझ्या मुलीला पण होणार काय?”

या प्रश्नाचे उत्तर कधी ‘नाही’ असते, कधी ‘शक्यता आहे, तपासून पाहू’ असे असते. चुकीचे उत्तर दोन्ही बाजूंनी महाग पडते. ज्या घरात धोका नाही तिथे मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात. ज्या घरात धोका आहे तिथे बहिणीला, भाचीला कोणी कळवतच नाही. घोटाळ्याचे एक कारण शब्दात आहे. इंग्रजीत वंशपरंपरेने येणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा शब्द असला, तरी दवाखान्यात सगळ्यालाच ‘जेनेटिक’ म्हटले जाते. मराठीत मात्र ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ असे दोन चांगले शब्द आहेत. आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, आणि नेमके तेच करू नये, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

फरक कोणता?

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो. जनुक म्हणजे प्रथिन कसे बनवायचे याची लिखित सूचना. पेशी दुभंगताना हा मजकूर पुन्हा उतरवला जातो आणि उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही राहून जातात, त्यांना उत्परिवर्तन म्हणतात. महत्त्वाच्या जागी अशा चुका साचल्या की पेशी बेबंद वाढू लागते. या अर्थाने प्रत्येक कर्करोग जनुकीय असतो.

पण पन्नासाव्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तरातल्या एका पेशीत झालेली चूक तिच्यापासून निर्माण झालेल्या पेशींपुरतीच राहते. ती त्या बाईच्या रक्तात नसते, स्त्रीबीजात नसते आणि मुलांकडे जात नाही. ती जनुकीय आहे, आनुवंशिक नाही. याउलट काही चुका आईच्या बीजातून किंवा वडिलांच्या शुक्राणूतून जन्मतःच आलेल्या असतात. त्या शरीरातल्या सगळ्या पेशींत असतात आणि पुढच्या प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्या आनुवंशिक. रिपोर्टमधली कोणतीही खूण वाचताना पहिला प्रश्न हाच : ही खूण गाठीतली, की रक्तातल्या निरोगी पेशींतलीसुद्धा?

गर्भाशयमुख : बाहेरून आलेली खूण

आपल्याकडे ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, त्यात वंशाचा संबंध जवळजवळ नसतो. इथले कारण म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू, ज्याला थोडक्यात एचपीव्ही म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींत शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोन प्रकारांमुळे होतात.

विषाणूची स्वतःची दोन जनुके, ई-६ आणि ई-७, पेशीची राखण करणारी दोन प्रथिने निकामी करतात. त्याची प्रतिक्रिया म्हणून पेशीत पी-१६ नावाचे प्रथिन साठते. आम्ही गाठीचा पातळ काप रंगवतो तेव्हा पी-१६ गडद तपकिरी दिसते. म्हणजे पी-१६ ही विषाणू येऊन गेल्याची पाऊलखूण आहे. ती मुलीकडे जात नाही.

या विषाणूची लागण अगदी सर्रास होते आणि बहुतेकींत वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. जिथे ती वर्षानुवर्षे टिकते तिथे धोका. म्हणून विषाणूची तपासणी कामाची ठरते. याचा एक मोठा पुरावा मराठी मुलखातलाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी करून वेळेवर उपचार झाले, तिथे पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आले. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीचा हा परिणाम. इथे मुलीसाठी करायचे ते तिच्या जनुकांची चाचणी नव्हे, तर किशोरवयात एचपीव्हीची लस.

अंडाशय : तीन खुणा, तीन अर्थ

अंडाशयाच्या कर्करोगात एकाच बाईच्या फाइलमध्ये तीन खुणा सापडतात आणि तिन्ही एकाच पारड्यात टाकल्या जातात.

पहिली सीए-१२५. हे रक्तातले प्रथिन आहे, जनुकाची चाचणी नव्हे. साधारण मर्यादा ३५ एकक. उपचार लागू पडत आहेत का, आजार उलटला का, हे पाहायला ती चांगली. पण एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइडच्या गाठी, यकृताचे आजार, गरोदरपण, एवढेच नव्हे तर पोटाचा क्षय यांतही हा आकडा चढतो. पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेले, एवढ्यावरून कर्करोग ठरवता येत नाही. क्षय निघाला तर तो गोळ्यांनी बरा होतो. उलट, सुरुवातीच्या अवस्थेतल्या जवळपास निम्म्या रुग्णांत आकडा वाढलेलाच नसतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीने चाळणी करून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की अशा चाळणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून कोणतीही तक्रार नसताना ‘पॅकेज’मध्ये ही चाचणी करून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण पी-५३. हे पेशीतले राखणदार प्रथिन. अंडाशयाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या आक्रमक प्रकारात जवळजवळ प्रत्येक गाठीत या प्रथिनाचे जनुक बिघडलेले असते. हा बिघाड बहुतेक वेळा गाठीपुरताच असतो. जन्मजात बिघाडाची कुटुंबे फार विरळ. ‘पी-५३ म्युटेशन’ वाचून लेकीसाठी घाबरणाऱ्या आयांना मला सर्वांत जास्त वेळा समजवावे लागते ते हेच.

तिसरी खूण बीआरसीए. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले, की काही कुटुंबांतल्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये तिथले बीआरसीए-१ हे जनुक हाती लागले आणि पाठोपाठ १३व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२. तुटलेला डीएनए नीट सांधणे हे या दोघांचे काम. यांपैकी एकात जन्मजात बिघाड असेल तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के, असे २०१७ मधला एक मोठा अभ्यास सांगतो. स्तनाच्या कर्करोगाची शक्यता दोन्हींत ७० टक्क्यांच्या आसपास.

पण हाच बिघाड काही गाठींत नव्यानेही होतो. दोन्ही प्रसंगी ओलापारिबसारखी औषधे उपयोगी पडू शकतात, कारण डीएनए सांधता न येणाऱ्या पेशींनाच ती मारतात. उपचारासाठी गाठीतला बिघाड पुरतो. मुलीसाठी मात्र तो पुरत नाही. तिच्यासाठी आईच्या रक्ताची चाचणी लागते.

गर्भाशय : शिवणकाम करणाऱ्या बाईचा इशारा

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आमच्या घरात बहुतेक जण पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. ती खरोखर गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच यांनी अशा कुटुंबांचा पाठपुरावा केला. आज या स्थितीला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्या बाईच्या कुटुंबातला बिघाड एमएसएच-२ या जनुकात होता, हे २००० मध्ये कळले.

मजकूर उतरवताना झालेल्या चुका सुधारणारी चार प्रथिने आम्ही गर्भाशयाच्या गाठीत रंगवून पाहतो : एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६. गर्भाशयाच्या अस्तराच्या दर चार गाठींपैकी साधारण एकीत यांतले एखादे तरी नाहीसे असते. लिंच सिंड्रोम मात्र शंभरात तिघींना असतो. मग बाकीच्यांचे काय? त्यांच्यात बहुधा एमएलएच-१ च्या जनुकावर मिथाइल नावाचे रासायनिक झाकण बसलेले असते. अक्षरे शाबूत असतात, पण वाचता येत नाहीत. हे झाकण सहसा गाठीतच बसते, वंशातून येत नाही. म्हणून एमएलएच-१ नाहीसे दिसले तर आधी झाकणाची तपासणी करतात. झाकण नसेल, किंवा एमएसएच-२ वा एमएसएच-६ नाहीसे असेल, तर रक्त तपासावे लागते. लिंच असल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका असतो. तो कोलोनोस्कोपीने आधीच पकडता येतो, आणि तो घरातल्या पुरुषांनाही असतो.

कोणाला विचारायचे, कोणाला सांगायचे

चाचणी नेहमी आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात नेमका बिघाड सापडला तर सख्ख्या नातेवाइकांत फक्त तेवढाच शोधायचा असतो. ज्या बहिणीत तो नाही तिचा धोका चारचौघींसारखाच. जिच्यात आहे तिला वेळ मिळतो : स्तनांची नियमित तपासणी, आणि मुले झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा विचार, बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० वयात.

कधी उत्तर ‘अर्थ अनिश्चित’ असे येते. म्हणजे अक्षर वेगळे आहे, पण ते घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेले नाही. जगातल्या माहितीच्या साठ्यात भारतीयांचे नमुने कमी असल्याने आपल्याकडे असे उत्तर जास्त येते. त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये.

कुटुंबाचा इतिहास घेताना मला मराठीचा फार उपयोग होतो. इंग्रजी रिपोर्टातली एकच ‘आंट’ आमच्याकडे आत्या, मावशी, काकू की मामी हे लगेच कळते. काकू आणि मामी लग्नाने आलेल्या, त्यांचा आजार इथे मोजायचा नाही. आत्या मात्र मोजायची, आणि नेमकी तीच राहून जाते. बायकांचा आजार आईकडूनच येणार, असे सगळे धरून चालतात. बीआरसीए वडिलांकडूनही तितकाच येतो. स्वतः धडधाकट असलेला बाप तो मुलीला देऊ शकतो. तसेच सासरी गेलेली बहीण ‘आता दुसऱ्या घरची’ म्हणून तिला कळवायचे टाळतात. लग्नाने गोत्र बदलते, जनुके बदलत नाहीत.

म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना मराठीत तीन प्रश्न विचारावेत. ही खूण आजार ओळखण्यासाठी आहे, की औषध ठरवण्यासाठी? ती गाठीतली आहे, की रक्तातली? मला माझ्या माणसांना काही कळवायचे आहे का? आणि आपण जे मराठीत लिहितो, अनुवाद करतो, रुग्णांसाठी माहितीपत्रके तयार करतो, त्यांनी गाठीतल्या बिघाडाला ‘जनुकीय’ आणि पिढीजात बिघाडालाच ‘आनुवंशिक’ म्हणावे. दोन शब्द आपल्याकडे तयार आहेत. ते जागच्या जागी वापरले, तर एखाद्या घरातली नाहक भीती जाईल आणि एखाद्या घरातल्या भाचीला वेळेवर निरोप पोचेल.